पत्र्यातली रग आणि ढाणकीचा अहवाल

आधी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात मोकळा राहील. ढाणकीच्या एका हळदीच्या गोदामाचं छप्पर नीट बसलं नाही. दोष माझ्या कारखान्याचा होता आणि मी तो एका चांगल्या कारागिराच्या माथी मारला. रागाच्या भरात नव्हे. शांतपणे, कंपनीच्या लेटरहेडवर, तीन मुद्दे घालून, खाली सही-शिक्का करून. त्या अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. गुन्हा कसा केला ते सांगतो आहे.

मी यवतमाळच्या एमआयडीसीत चोवीस वर्षं एकाच कारखान्यात आहे. आमच्या घरात सगळे फायलींतले लोक. वडील ट्रेझरीत, काका कोर्टात, मावशी पोस्टात. हाताला ग्रीस लागणारा खानदानातला मी पहिला. आई अजूनही लोकांना सांगते, "आमचा मोठा पत्र्याच्या दुकानात आहे." मी दुरुस्त करणं सोडून दिलं आहे, कारण खरं काय ते सांगायला लागलो की पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात.

दिवाळी अंकाचे वाचक उठून जाणार नाहीत या भरवशावर सांगतो. जिनिंग, दालमिल, गोदाम, कोंबड्यांचं शेड, कुठलंही छप्पर मान वर करून बघा. पत्र्याच्या खाली एकापुढे एक आडव्या पट्ट्या दिसतील, आडवा छेद घेतला तर इंग्रजी सी अक्षरासारख्या. कागदावर त्यांना पर्लिन म्हणतात, आमच्याकडे सगळे चॅनल म्हणतात. आम्ही ती बनवतो. आमच्याकडे भट्टी नाही. दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा मोठ्या गुंडाळीतून येतो आणि थंडच्या थंड रोलरच्या जोड्यांमधून जातो. एका जोडीला आम्ही स्टँड म्हणतो. पहिला स्टँड कडा जरा उचलतो, दुसरा आणखी थोड्या, असं करत करत शेवटी सपाट पत्र्याचं चॅनल होऊन बाहेर पडतं. पाहायला मोठी मजा येते. पंधरा मिनिटं. मग चोवीस वर्षं सवय होते.

आता यातली गोम. थंड पत्रा वाकवला की तो वाकतो, पण मनापासून वाकत नाही. नवीन कॅलेंडर नळीतून काढून भिंतीवर टांगलं की महिनाभर खालून वर वळत राहतं, तसं. लोखंडाच्या पोटात थोडा ताण शिल्लक राहतो. पुस्तकात त्याला अवशिष्ट ताण म्हणतात, आमच्या कारखान्यात "रग" म्हणतात. "या मालात रग आहे साहेब," असं कामगार म्हणाला की समजायचं, चॅनल दिसायला सरळ आहे पण आतून ओढाताण चालू आहे. एक बाजू खेचते, दुसरी ढकलते, दोघी बरोबरीच्या आहेत म्हणून वरून सगळं शांत. जोवर कोणी कापत नाही तोवर.

कापलं की काय होतं, याचा उत्तम नमुना मला ढाणकीच्या आधीच राजूरच्या एका गिऱ्हाइकाने दाखवला. कोळसा खाणीच्या रस्त्यावर त्यांचं हॉटेल आहे. भज्यांसाठी प्रसिद्ध, आणि डोकं कायम काटकसरीत. त्यांना अँगल, म्हणजे एल आकाराच्या पट्ट्या, हव्या होत्या आणि स्वस्तात हव्या होत्या. त्यांनी हिशेब केला की एक चॅनल पाठीवरून उभं चिरलं की दोन अँगल मिळतात. ग्राइंडरवाला बसवला, वीस फूट चॅनल चिरलं, आणि शेवटचा बोटभर भाग सुटताच दोन्ही तुकडे एकमेकांकडे पाठ करून वाकले, भांडलेल्या जावा असतात तसे. ग्राइंडरवाला हत्यार टाकून पळाला.

मला फोन आला. "साहेब, तुमचं लोखंड जिवंत आहे काय जी?"

"काय झालं?"

"अंग चोरून राह्यलं. हात लावाले माणूस तयार नाही. लिंबू-मिरची बांधू काय?"

मी मुद्दाम राजूरला गेलो. त्यांच्या हॉटेलच्या फरशीवर खडूने आकृती काढून रग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. भजी फुकट मिळाली. पुढे कित्येक महिने मी हा किस्सा शेड उभं करणाऱ्या प्रत्येक फॅब्रिकेटरला तिखटमीठ लावून सांगत होतो. हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही, ते यामुळे.

आता आमच्या कारखान्यातली एक रीत सांगतो. ती बाहेर कोणी सांगत नाही. चॅनल मशीनमधून निघून ठरल्या लांबीला कापलं की त्या टोकाची रग मोकळी होते आणि सीचं तोंड थोडं फाकतं. एखाद-दुसरा मिलिमीटर फाकणारच, सगळ्या जगात फाकतं. आमच्याकडे श्रावण नावाचा एक दणकट कामगार होता. त्याच्याकडे लांब दांड्याचा शिकंजा. दर चॅनलचं टोक शिकंज्यात धरायचं, दांडा खाली दाबायचा, तोंड पुन्हा मापात. मग त्यावर हिरवा ठिपका आणि माल गाडीत. यात लबाडी नाही. फाकणं थोडंच असेल तर हा व्यवस्थित उपाय आहे.

ढाणकीच्या त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर आमच्या सातव्या स्टँडचं बेअरिंग गेलं आणि शाफ्टही खराब झाला. नवीन यायला महिना लागणार होता. कापूस घरात यायच्या आत सगळ्यांनाच शेड उभं हवं असतं, ऑर्डरी दाराशी उभ्या. मी नुकताच वर्क्स मॅनेजर झालो होतो. दारावर पाटी लागली होती, पाटीचा रंग वाळायचा होता. मालकांनी विचारलं, "थांबवायचं का?" मी म्हणालो, "सातवा बाद करू. सहावा आणि आठवा जरा जास्त दाबू. चालेल." कोणी मला सांगितलं नव्हतं. "चालेल" हा माझा शब्द.

चाललंही. पण जे वाकवणं तीन पायऱ्यांत व्हायचं ते दोन पायऱ्यांत झालं आणि रग वाढली. तोंडं सात-आठ मिलिमीटर फाकायला लागली. श्रावण दोनदा येऊन म्हणाला, "साहेब, दांडा दाबून दाबून खांदा निघून जाईन माझा. माल लय आकडून राह्यला." मी त्याला एक मदतनीस दिला.

यातलाच माल ढाणकीला गेला.

ढाणकीच्या कामावर फॅब्रिकेटर होते हनीफभाई. पांढरकवड्याला बसस्टँडमागे त्यांचं वर्कशॉप. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, पातळ दाढी, कानावर कायम खडूचा तुकडा. अर्ध्या जिल्ह्यातल्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, त्यांनी उभ्या केल्या असतील. दोरी न लावता नुसता डोळा बारीक करून ते सांगायचे, "तिसरी कैची दोन सूत डावीकडे." मग दोरी लावायची आणि ती दोन सूतच निघायची. शेडमालक मला विचारत, "माणूस कोणता सांगता?" मी डोळे मिटून हनीफभाईंचं नाव देत असे.

गोदामाच्या शेवटच्या गाळ्याची, म्हणजे शेवटच्या दोन कैच्यांमधल्या जागेची, लांबी कमी होती. तिथली चॅनलं जागेवर कापायची होती. हनीफभाईंनी ती कापली. दुसऱ्या दिवशी फोन.

"पाठक साहेब, तुमचा माल तोंड उघडून राह्यला."

"म्हणजे?"

"म्हणजे कापलं की फाकते ना जी! वरची पट्टी उचलून येते. छपराचा पत्रा बसून नाही राह्यला. स्क्रू मारला तर इकडे दबते, तिकडे उठते. गोदामावर पत्रा नाही, लाटा दिसून राह्यल्या. शेठ खाली उभा राहून मले शिव्या देऊन राह्यला."

मी फोन ठेवला तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. सातवा स्टँड, श्रावणचा खांदा, राजूरची दोन वाकडी पाती, सगळं. शिकंज्याने आम्ही फक्त टोकं दाबली होती. मधली रग तशीच होती. मधे कापलं म्हणजे नवं टोक, आणि नव्या टोकाला शिकंजा लागलेला नव्हता. इतकं साधं.

गोदामाच्या शेठने तपासणीला मलाच बोलावलं. माल माझा आणि निवाडा करणारा पण मीच. मी गेलो. सोबत टेप, व्हर्नियर आणि कॅमेरा. न कापलेली चॅनलं ओळीने मांडली आणि त्यांची टोकं मोजली. हिरव्या ठिपक्याची, दाबलेली टोकं. सगळी मापात. मग कापलेली मोजली, सगळी मापाबाहेर. कोपऱ्यात गॅस कटिंगचा सिलेंडर उभा होता. हनीफभाई त्याने खांबाखालच्या जाड प्लेटा कापत असत. चॅनल त्यांनी करवतीच्या मशीनवर कापलं होतं; कापाची कडा पाहिली की डोळे असणाऱ्याला ते दिसतं. मी सिलेंडरचा फोटो काढला.

हनीफभाई शेजारी उभे होते. म्हणाले, "त्याचा कायले काढता साहेब?"

मी म्हणालो, "रेकॉर्डला असू द्या."

अहवालाचे तीन मुद्दे असे. एक: कारखान्यातून आलेल्या लांबीची टोकं मापात आहेत. दोन: विकृती फक्त जागेवर कापलेल्या टोकांना आढळते. तीन: जागेवर गॅस कटिंगची सामग्री आढळली, थंड वाकवलेल्या पोलादाला उष्णता दिल्यास आकार बिघडू शकतो. प्रत्येक शब्द खरा. वाचणारा जे समजायचं ते समजला. हनीफभाईंना कामावरून काढलं. आम्ही "सौजन्य म्हणून" बरोबर लांबीची, टोकं दाबलेली नवी चॅनलं पाठवली, उरलेला जुना माल परत आणला. दुसऱ्या माणसाने छप्पर चढवलं. शेठने माझे आभार मानले आणि घरची हळद दिली. ती हळद मी घरी नेली नाही. ऑफिसच्या शिपायाला दिली. एवढंच माझं प्रायश्चित्त.

मला वाटलं होतं, एक काम गेलं, दुसरं मिळेल. पण ढाणकीचं गोदाम मोठं, रस्त्याला लागून. त्या भागात कोणाला शेड बांधायचं असलं की लोक ते पाहायला जात, आणि शेठ कौतुकाने फाइल काढून माझा अहवाल दाखवत. "कंपनीनं लिहून दिलं आहे," म्हणत. छापील कागदाला आपल्याकडे मान फार. दोन वर्षांत हनीफभाईंकडे शेडची कामं येणं बंद झालं. ते खिडक्यांच्या ग्रिल आणि ट्रॉलीची वेल्डिंग करू लागले. मी पांढरकवड्याहून जाताना बसस्टँडमागचा रस्ता टाळू लागलो. कोणी माणूस सुचवा म्हटलं तर "बघतो" म्हणू लागलो. आठ वर्षं अशी गेली. सातवा स्टँड केव्हाच दुरुस्त झाला, मग मशीनच बदललं, श्रावण निवृत्त होऊन गावी गेला.

गेल्या हिवाळ्यात केळापूरहून फोन आला. शाळा समितीचे अध्यक्ष मडावी गुरुजी, निवृत्त शिक्षक, आवाजातच खडू.

"आमच्या शाळेले जेवणाचं शेड बांधाचं आहे. मुलं उन्हात बसून जेवतात. पांढरकवड्याचे हनीफ मिस्त्री जवळचे आहेत. माणूस कसा आहे?"

"उत्तम," मी लगेच म्हणालो. "अगदी डोळे मिटून द्या."

"असं? मग ढाणकीले तुम्ही तसं पत्र काहून दिलं?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. गुरुजी म्हणाले, "दोन्हीतलं एक काहीतरी खोटं असन. रविवारी आमची बैठक आहे. कोणतं ते सांगजा." आणि फोन ठेवला. मला चौथीत नापास झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी मी बसस्टँडमागच्या रस्त्याने गेलो. हनीफभाई एका ट्रॉलीखाली झोपून वेल्डिंग करत होते. बाहेर येऊन त्यांनी चष्मा वर केला. "अरे वा, पाठक साहेब! रस्ता चुकले काय?"

चहा आला. मी मनात चार दिवस घोकलेलं वाक्य बोललो. "हनीफभाई, ढाणकीच्या वेळी आमच्या मशीनमध्ये दोष होता. तेव्हा ते आमच्या लक्षात आलं नाही. त्याबद्दल माफी मागायला आलो."

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "लक्षात आलं नाही?"

"नाही, म्हणजे..."

"राजूरच्या भजेवाल्याचा किस्सा मले कोणं सांगितलता? इथंच बसले होते तुम्ही, याच स्टुलावर. हसून हसून चहा सांडवलता." त्यांचा आवाज चढला नव्हता. "साहेब, मी पाचवी शिकलो. पण लोखंड काहून फाकते ते मले तुम्ही शिकवलं. आणि तुम्हालेच माहीत नव्हतं?"

ट्रॉलीवाल्याने आतून विचारलं, "मिस्त्री, होऊन राह्यलं का माझं?"

"थांब ना बे, मोठे लोक आले आहेत," हनीफभाई म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मले माफी सांगून काय फायदा? माझी चूक नव्हती हे मले पहिल्याच दिवशी माहीत होतं. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा. उद्या केळापूरले बैठक आहे. मलेही बोलावलं आहे त्याइनं."

ढाणकीहून परत आलेल्या मालातलं एक आख्खं चॅनल आमच्या भंगारात आठ वर्षं गंजत पडलं होतं. त्याच रात्री ते टेम्पोत घातलं आणि रविवारी सकाळी केळापूरच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन बाकांवर आडवं ठेवलं. समितीचे पाच-सहा लोक सतरंजीवर बसलेले. हनीफभाई मागे भिंतीला टेकून उभे. ढाणकीच्या शेठना मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की तो अहवाल फाइलमधून काढा, नवं पत्र पाठवतो. ते म्हणाले होते, "आता? तेवढ्यासाठी?"

मी समितीला म्हणालो, "आधी टोक मोजा." गुरुजींनी पट्टीने मोजलं. मापात. मग हॅकसॉ घेऊन मी चॅनल मधोमध कापायला लागलो. ऑफिसात बसून दंडाचं काय होतं ते पाच मिनिटांत सगळ्यांना दिसलं.

"साहेब, दुपारच्या जेवणापर्यंत होईन काय?" कोणीतरी विचारलं.

"हनीफ मिस्त्रीले द्या ना करवत!"

"नाही," हनीफभाई मागून म्हणाले, "त्यायलेच कापू द्या."

शेवटचा धागा तुटला आणि "टक्" असा आवाज होऊन नवं तोंड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फाकलं. एक बाई दचकून मागे सरकल्या. गुरुजींनी पट्टी लावली. आठ मिलिमीटर. मी कॅलेंडरचा दाखला दिला, रग सांगितली, सातवा स्टँड सांगितला, दाबलेली टोकं सांगितली. लोक माना डोलवत होते. मला बरं वाटायला लागलं होतं. शिकवण्याचा हा एक धोका आहे. गुन्हेगाराचा बघता बघता मास्तर होऊन जातो.

गुरुजी खुशीत म्हणाले, "म्हणजे दोष ना मिस्त्रीचा, ना तुमचा. दोष लोखंडाचाच म्हणा ना!"

सगळे हसले. मीही हसलो. सुटकेचं दार उघडं होतं. नुसतं "हो" म्हणायचं, चहा प्यायचा आणि यवतमाळ गाठायचं. हनीफभाईंना काम मिळालंच असतं.

दचकलेल्या त्या बाई समितीच्या सदस्य होत्या, सुनंदाताई. त्या हसल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "पण साहेब, हे तुम्हाले कधी समजलं?"

हनीफभाई माझ्याकडे बघत नव्हते. ते वाकून कापलेल्या कडेवरून बोट फिरवत होते, कड सरळ आली आहे का ते पाहत.

मी करवत बाकावर ठेवली आणि म्हणालो, "तेव्हाच. यांचा फोन आला त्याच दिवशी. अहवाल नंतर लिहिला."

मग मी त्यांच्याकडे वळलो. "हनीफभाई, तुम्ही बरोबर कापलं होतं. गॅस तुम्ही चॅनलला लावला नव्हता, तेही मला तिथेच दिसलं होतं, आणि तरी मी सिलेंडरचा फोटो काढला. माझ्या दारावरची पाटी वाचवायला मी तुमचं नाव घालवलं. काल तुमच्यासमोर परत खोटं बोललो. मला माहीत होतं, हनीफभाई. मला माफ करा."